चित्रकला घरच्या घरी शिकायची आहे: सुरुवातीची कामं कोणती आणि कुठल्या क्रमानं?

गुळाची_ढेप

नमस्कार मंडळी. शाळा सुटल्यापासून चित्रकला बंद आहे. आता रोज संध्याकाळी पाऊण-एक तास देता येईल. क्लास लावायचा नाही. घरी छोटी छोटी कामं करत पाया पक्का करायचा आहे. 'तीस दिवसांत पोर्ट्रेट' छाप व्हिडिओ नकोत.

सध्याच्या अडचणी तीन. घरातला तांब्या काढला की तोंड बरं येतं, पण तळ सपाट होतो आणि तांब्या हवेत तरंगतो. शेडिंग केलं की सगळं चित्र धूळ बसल्यासारखं राखाडी दिसतं. आणि लाल-निळा मिसळून जांभळा करायला गेलो की चॉकलेटी होतो.

हाताशी आहे ते असं: एचबी पेन्सिल, शाळेची चित्रकला वही, १२ पोस्टर कलरचा डबा. आधी रंग की आधी पेन्सिल? आणखी काय घ्यावं लागेल? एलिमेंटरी-इंटरमीजिएटची पुस्तकं मोठ्या माणसानं वापरावीत का? मुक्काम कोल्हापूर, त्यामुळे इथं काय मिळतं, कुठं बसून काढता येईल, तेही सांगा.

रेघोट्या

आधी पेन्सिल. पण रेषेसाठी कमी, उजेड-अंधारासाठी जास्त. तुमच्या तीन अडचणींपैकी दुसरी सगळ्यात मोठी आहे. चित्र सपाट दिसतं तेव्हा रेषा चुकलेली असतेच असं नाही. बहुतेक वेळा गडद भाग पुरेसा गडद केलेला नसतो. एचबी कितीही दाबली तरी काळं होत नाही. ग्रॅफाइट चकाकायला लागतं, कागदाला चर पडतो आणि मग खोडूनही निघत नाही.

म्हणून खरेदी एवढीच करा: २बी, ४बी, ६बी (आकडा वाढेल तशी पेन्सिल मऊ आणि काळी) प्रत्येकी एक, मळता येणारा मऊ खोडरबर, आणि वहीऐवजी १५० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद. २४ पेन्सिलींचा सेट घेऊ नका. त्यातल्या निम्म्या टोकसुद्धा न काढता पडून राहतात.

पहिलं काम: छटांची पट्टी. २ सेंमीचे ५ चौकोन ओळीनं आखा. पहिला कोरा सोडा. पाचवा ६बीनं जमेल तितका काळा करा, एकावर एक तीन-चार थर, दर थराला दिशा बदलून. मग तिसरा भरा, त्यानंतर दुसरा आणि चौथा. डावीकडून सुरू करून क्रमानं भरत गेलात तर चौथ्या चौकोनातच सगळं काळं खर्च होतं आणि पाचव्याला वेगळं काही उरत नाही. पट्टी कापून घ्या आणि प्रत्येक चौकोनात पंचिंग मशीननं एक भोक पाडा. ही पट्टी वस्तूसमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि भोकातून दिसणारी छटा भोवतालच्या चौकोनाशी ताडून बघायची. 'पांढऱ्या' भिंतीचा सावलीतला भाग तिसऱ्या चौकोनाइतका गडद असतो हे तेव्हा पटतं.

दुसरं काम: एक अंडं, खाली पांढरा कागद, एक टेबल लॅम्प. आणि खोलीतली ट्यूब बंद करा की राव! बहुतेकांचं इथंच चुकतं. दोन दिवे म्हणजे दोन सावल्या, आणि दोन्ही पुसट. दिवा डावीकडे, वरून साधारण ४५ अंशात ठेवा. अंडं मुठीपेक्षा मोठं काढा. छोट्या चित्रात छटा बसवायला जागाच राहत नाही. आता पाच गोष्टी शोधा: सगळ्यात उजळ जागा, मधली छटा, अंड्याच्या अंगावरची सावली, त्या सावलीच्या कडेला खालच्या कागदावरून उसळून आलेला मंद उजेड, आणि जमिनीवरची पडछाया. चौथी गोष्ट दिसली की उत्साहाच्या भरात ती पांढरीच ठेवली जाते आणि अंडं पत्र्याचं वाटायला लागतं. नियम सोपा आहे: सावलीतला सगळ्यात उजळ भागसुद्धा उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असतो. पडछाया वस्तूला टेकते तिथं सगळ्यात काळी आणि धारदार, लांब जाईल तशी कड विरत जाते. तुमचा तांब्या तरंगतो त्याचं अर्धं कारण हेच, टेकण्याच्या जागी काळं नाही.

बोटानं घासून शेडिंग करू नका. बोटाचं तेल कागदाला लागतं, तिथं पुढचा थर धरत नाही आणि डाग उठतो. राखाडी धुरळा त्यानंच होतो.

तिसरं काम पेन्सिलीचं नाहीच. पांढरा, राखाडी आणि काळा असे तीन कागद घ्या. खिडकीतून दिसणारं काहीही, समोरची कौलं, पाण्याची टाकी, झाड, फक्त या तीन कागदांचे तुकडे कापून १५ × २० सेंमीत बसवा. बारकावे कापायचेच नाहीत. डोळे बारीक करून बघा, म्हणजे आकाश, भिंत, झाड यांचे मोठे तुकडे वेगळे होतात. चिकटवायला ग्लू स्टिक वापरा. पातळ केलेल्या फेव्हिकॉलनं कागद फुगतो. हे काम पोरखेळ वाटतं म्हणून लोक टाळतात, पण नवशिक्याला चित्राची मांडणी इतक्या लवकर दुसऱ्या कशानं कळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ओळंबा

रेघोट्या यांनी तांब्याचं अर्धं कारण सांगितलं, उरलेलं अर्धं असं.

टेबलावर ठेवलेल्या तांब्याचं तोंड तुमच्या डोळ्याच्या पातळीला जवळ असतं, म्हणून तिथलं लंबवर्तुळ चपटं दिसतं. तळ पातळीपासून जास्त खाली, म्हणून तिथलं वर्तुळ जास्त उघडं, जास्त गोल. तळ टेबलावर टेकतो हे डोक्याला माहीत असतं, त्यामुळे हात सरळ रेघ मारून मोकळा होतो. तळाची पुढची कड तोंडाच्या पुढच्या कडेपेक्षा जास्त वळलेली यायला हवी. खात्री करायची तर तांब्यात पाणी घेऊन तो हळूहळू उचला. डोळ्याच्या बरोबर पातळीला आल्यावर तोंडाची नुसती रेघ दिसते, खाली नेलं की उघडत जातं.

काढायची रीत: आधी मधोमध उभी रेघ, हा तांब्याचा आस. तोंड, मान, पोट, तळ यांच्या उंचीवर आडव्या रेघा, प्रत्येक आसाला काटकोनात आणि दोन्हीकडे सारखी. त्यांवर लंबवर्तुळं, आणि मागची न दिसणारी बाजूसुद्धा पूर्ण काढा. शेवटी कडा जोडा आणि नको ते पुसा. लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना कोपरा येऊ देऊ नका. कितीही चपटं असलं तरी टोकाला वळणच असतं. मनगटानं नको, खांद्यापासून हात फिरवा. टेकवण्याआधी पेन्सिल हवेत दोन-तीनदा फिरवून घेतली की वळण बसतं.

माप: हात कोपरात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी धरून टोक तोंडाच्या एका कडेवर, अंगठा दुसऱ्या कडेवर. ही रुंदी म्हणजे तुमचा एकक. उंचीत तो किती वेळा बसतो ते मोजा. कोपर जरा वाकला की माप बदलतं, सगळी गडबड तिथंच होते. आणि कागद टेबलावर आडवा ठेवून काढू नका. वरची बाजू डोळ्यापासून लांब पडते, ती तिरपी आणि आखूड दिसते, म्हणून हात नकळत तिला लांबवतो. मग कागद उभा केला की तांब्याची मान ताणल्यासारखी. बोर्ड मांडीवर घेऊन वरची कड टेबलाला टेकवली तरी पुरतं.

एलिमेंटरी-इंटरमीजिएटबद्दल: कला संचालनालयाच्या या परीक्षा शाळेतल्या मुलांसाठी असल्या तरी विषयांची विभागणी मोठ्यांनाही उपयोगी आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पुस्तकातली तयार चित्रं मात्र गिरवू नका. त्यातलं स्मरणचित्र घ्या: एखादी वस्तू दोन मिनिटं नुसती बघा, झाकून ठेवा, आठवून काढा, मग उघडून लाल पेन्सिलीनं दुरुस्त करा. कोल्हापुरी चप्पल यासाठी झकास. अंगठा कुठून निघतो, पट्टे कुठं शिवलेत, टाचेचे थर किती, हे रोज पायात असूनही सांगता येत नाही.

शाडू_आणि_पाणी

वरच्या दोघांशी वाद नाही, पण क्रमाशी आहे. कागदावर खोली भासवायची असते. मातीत ती हातानं करावी लागते. सुरुवातीच्या आठवड्यातच एक मातीकाम घाला, मग अंड्यावरची सावली काय चीज आहे ते नीट कळतं.

कोल्हापुरात मातीची ददात नाही. शाहूपुरी किंवा गंगावेशची कुंभार गल्ली, नाहीतर बापट कॅम्प. गणपतीच्या आधीचे महिने सोडून जा, तेव्हा कारागिरांना बोलायला उसंत नसते. शाडूची भुकटी २ किलो पुरे. पाणी थोडं थोडं घालत मळा, ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा मळा. हाताला चिकटते तोवर ओली, दुमडल्यावर कडेला भेगा पडतात तर कोरडी. दोन्हीच्या मधली हवी.

काम: १५ × १५ सेंमीची, २ सेंमी जाड फरशी, त्यावर एक पान. पिंपळ, जास्वंद, काहीही. पानाचा उठाव जास्तीत जास्त १ सेंमी. वेगळा तुकडा जोडायचा असेल तर दोन्ही पृष्ठभागांवर सुईनं आडव्या-उभ्या रेघा ओरखडा, मध्ये मातीचा पातळ राडा लावा आणि दाबून बसवा. नुसतं पाणी लावून चिकटवलेला तुकडा वाळल्यावर सुटतो, कारण माती वाळताना आकसते आणि दोघांचं आकसणं सारखं नसतं. कोरायला आगकाडी, बांबूची टोकदार काडी आणि जुन्या पेनाच्या नळीत बसवलेली तारेची कडी.

तडे का जातात? एकतर जाडी असमान, पातळ भाग आधी वाळून ओढतो. नाहीतर पंख्याखाली किंवा उन्हात वाळवलं. वर सैल प्लास्टिक टाका आणि फरशी दिवसातून एकदा उलटी करा, म्हणजे खालची बाजूही सारखी वाळेल. मळतानाच थोडा कापूस किंवा भिजवून लगदा केलेला वर्तमानपत्राचा कागद घातला तर तडे बरेच कमी होतात. मूर्तिकारही माती बळकट करायला अशीच काही भर घालतात. ही फरशी भाजलेली नसते, त्यामुळे पाणी लागलं की पुन्हा चिखल.

वाळल्यावर तीच फरशी भिंतीला उभी करा, बाजूनं दिवा लावा आणि पेन्सिलीनं काढा. दिवा समोर आणला की उठाव गायब होतो, बाजूला नेला की उठतो. एकाच वस्तूची तीन चित्रं, फक्त दिव्याची जागा बदलून.

कुंचला_क्र_८

जांभळ्याचं उत्तर राहिलंच. तुमच्या डब्यातला 'लाल' बहुधा शेंदरी अंगाचा आहे, म्हणजे त्यात पिवळ्याची झाक आहे. लाल, निळा आणि पिवळा एकत्र आले की रंग मरतो, तपकिरी होतो. बाटलीवरचं नाव वाचा. क्रिमसन (निळसर झाकेचा लाल) आणि अल्ट्रामरीन (जांभळट झाकेचा निळा) घ्या, जांभळा येईल. हिरव्यालाही हाच न्याय: लेमन यलो आणि प्रशियन ब्लू (हिरवट झाकेचा निळा) दिला की लखलखीत हिरवा, पिवळ्यात अल्ट्रामरीन दिला की मळका, शेतातल्या जुन्या पानांचा हिरवा. दोन्ही कामाचे आहेत, फक्त कुठला कधी ते ठरवता यायला हवं.

बारा बाटल्यांपैकी चारच उघडा: लेमन यलो, क्रिमसन, अल्ट्रामरीन, पांढरा. काळी बाटली महिनाभर कपाटात. काळ्यानं गडद करायची सवय लागली की पिवळ्याचा शेवाळी हिरवा होतो आणि बाकीचे रंग काजळतात. पिवळा गडद करायचा तर त्यात किंचित जांभळा घाला.

काम असं: स्वयंपाकघरातून गुळाचा खडा, हळद, सुकी मिरची, कोथिंबिरीचं पान आणि कांद्याची साल आणा. प्रत्येकाचा रंग मिसळून कागदाच्या पट्टीच्या टोकाला लावा, पट्टी वस्तूला चिकटवून धरा आणि तीन प्रश्न विचारा. जास्त उजळ की गडद? जास्त पिवळट की निळसर? जास्त झगझगीत की मंद? एका वेळी एकच दुरुस्ती. गूळ इथं सगळ्यात चांगला शिक्षक आहे. आधी पिवळ्यात क्रिमसन घालून नारिंगी करा, मग निळ्याचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. निळा जरा जास्त झाला की गूळ जाऊन चिखल होतो. म्हणून नेहमी फिकट रंगात गडद रंग घालायचा, उलटं केलं तर वाटीभर रंग वाया.

पोस्टर कलर वाळल्यावर बदलतो. फिकट छटा जरा गडद होतात, गडद छटा जरा फिकट. त्यामुळे ताडून बघायचं ते वाळल्यावर. फार घट्ट लावला तर वाळून तडकतो, फार पातळ असेल तर पट्टे दिसतात. ब्रशवरून थेंब संथपणे पडेल इतकं पाणी पुरे. ब्रश दोनच, गोल ४ नंबर आणि ८ नंबर. पाण्याचे डबे दोन, एक धुवायला, एक स्वच्छ. एकाच डब्यात सगळं केलं की दहा मिनिटांनी प्रत्येक रंगात राखाडी शिरतो आणि दोष रंगाला दिला जातो.

गुळाची_ढेप

सगळ्यांचे आभार, विशेषतः ट्यूब बंद करायला सांगणाऱ्यांचे! आणखी दोन शंका. पाणी लागलं की कार्ट्रिज कागद फुगतो आणि रंग खळग्यात साचतो, त्याला काय करायचं? आणि मोबाइलवर फोटो काढून त्यावरून चित्र काढलं तर चालेल का? बाहेर बसायला थोडा संकोच वाटतो.

कुंचला_क्र_८

पोस्टर कलरला कार्ट्रिज चालतो, फक्त रंग पातळ करू नका. जलरंगाकडे वळलात की ३०० जीएसएमचा कागद घ्या. पातळ कागदच वापरायचा असेल तर ताणून घ्यावा लागतो: कागद पाच मिनिटं पाण्यात बुडवा, निथळून लाकडी बोर्डवर पसरा, चारही कडांना पाण्यानं चिकटणारी तपकिरी कागदी गम टेप लावा आणि बोर्ड आडवा ठेवून वाळू द्या. उभा ठेवला तर पाणी खाली उतरतं आणि खालची टेप सुटते. साधी सेलोटेप ओल्या कागदाला धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं हा कागद एका रात्रीत वाळेलच असं नाही. घाई करून हेअर ड्रायर एकाच जागी धरलात तर ताण असमान पडून कागद फाटतो.

पावसाळ्यातच आणखी एक दुखणं: पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, अर्धवट ओला असताना वर पाण्याचा थेंब पडला की फुलकोबीसारखा डाग उमटतो. नवं पाणी आधीचा रंग कडेला ढकलतं. कागदाची चकाकी पूर्ण गेली आणि हाताच्या मागच्या बाजूला गार लागेनासा झाला की मगच दुसरा थर.

ओळंबा

फोटोवरून चालेल, पण सुरुवातीला नको. कॅमेरा सावल्या एकतर काळ्या करून टाकतो नाहीतर मोबाइल त्या आपोआप उजळवतो, त्यामुळे छटा शिकायची सोयच जाते. शिवाय अगदी जवळून फोटो घेतला की पुढची वस्तू फुगते आणि मागची आक्रसते. चौकटी आखून कॉपी केली तर हुबेहूब येतं, पण मोजायचं काम चौकटी करतात, डोळा करत नाही.

संकोच वाटत असेल तर सकाळी लवकर रंकाळ्यावर जा. फिरायला आलेले लोक थांबत नाहीत. पुठ्ठ्यात ६ × ८ सेंमीची खिडकी कापून न्या आणि तिच्यातून संध्यामठाची, म्हणजे तळ्यातल्या जुन्या दगडी बांधकामाची, बाजू बघा. २० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. उन्हाची दिशा बदलते, अर्ध्या सावल्या आधीच्या आणि अर्ध्या नंतरच्या अशी खिचडी होते. सावल्यांच्या कडा पहिल्या पाच मिनिटांतच आखून टाका. प्रतिबिंब वस्तूच्या बरोबर खाली उभ्या रेषेत येतं, सावली पडते त्या दिशेला नाही. ही चूक इतकी सर्रास होते की रंकाळ्याच्या निम्म्या हौशी चित्रांत सापडेल. दुसरं, गडद वस्तूचं प्रतिबिंब जरा फिकट आणि फिकट वस्तूचं जरा गडद.

यथार्थदर्शनासाठी महाद्वार रोड. डोळ्याच्या पातळीवर आडवी रेघ मारा. तिच्या वरच्या पाट्या आणि गॅलऱ्या लांब जाताना खाली उतरतात, तिच्या खालचे ओटे आणि पायऱ्या वर चढतात, सगळ्या एकाच लोपबिंदूकडे, म्हणजे त्या रेघेवर जिथं सगळ्या मिळतात असं वाटतं तिकडे. तुम्ही उभे असाल आणि रस्ता सपाट असेल तर तुमच्याएवढ्या उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी, जवळची असोत वा लांबची, त्याच रेघेवर येतात. लांबचा माणूस लहान काढताना त्याचं डोकं खाली सरकवलं की तो खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो.

रेघोट्या

बाहेर बसायचं जमेपर्यंत टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन आबालाल रहिमान यांची चित्रं बघा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेला हा चित्रकार १९३१ मध्ये गेला, तोवर कोल्हापूरचाच परिसर रंगवत राहिला. नुसतं 'वा' म्हणून बाहेर पडू नका. चार-पाच पावलं मागं उभं राहून डोळे बारीक करा आणि चित्रातला काळा, राखाडी, पांढरा कुठं किती आहे ते वहीत आगपेटीएवढ्या चौकटीत पेन्सिलीनं मांडा. एका चित्राला पाच मिनिटं. तुम्ही केलेलं तीन कागदांचं कामच इथं उलट्या बाजूनं होतं. राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयातल्या निसर्गचित्रांवरही हेच करता येईल. शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन असेल तर तिथंही. पेन किंवा रंग आत नेऊ नका, पेन्सिल चालते का ते दारात विचारून घ्या.

गुळाची_ढेप

क्रम असा धरतो: पट्टी, अंडं, मातीची फरशी, तीन कागद, तांब्या, मग गुळाचा रंग. पेन्सिलीची चित्रं पुसट होऊ नयेत म्हणून काही मारावं लागतं का?

शाडू_आणि_पाणी

फरशी वर घेतली, बरं केलंत. ४बी-६बीचं काम असेल तर फिक्सेटिव्ह स्प्रे मिळतो. ३० सेंमीवरून, हात सतत हलता ठेवून, दोन पातळ हात, मध्ये वाळू द्यायचं. जवळून एकाच जागी मारला की ओला डाग पडून ग्रॅफाइट सरकतं. खिडकी उघडी हवी, वास उग्र असतो. आणि फवारल्यावर त्या जागेचं खोडता येत नाही, तेव्हा दुरुस्त्या आधी उरकून घ्या. सरावाच्या चित्रांना तेवढं करायची गरज नाही, दोन कागदांमध्ये बटर पेपर घालून फाइलमध्ये ठेवा आणि मागं तारीख टाका.